कॅमशाफ्टचा सेन्सर आणि सात पुटं

मी आधीच सांगून ठेवतो, गाडी मी पारखून घेतली होती. चारही टायरांना लाथा मारल्या होत्या, डिकी तीनदा उघडून लावली होती आणि सीटखाली हात घालून वाळू निघते का तेसुद्धा पाहिलं होतं. गाडी पूर्णगडच्या केरूनानांची, पांढरी, आठ वर्षं वापरलेली. नानांची मासेमारीची बोट आहे, म्हणून मी डिकीत डोकं घालून वासही घेतला. "मासळीची टोपली हिच्यात कदी चढली नाय," नाना म्हणाले, आणि ते खरं होतं. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला कोणी सहजासहजी गंडवू शकत नाही. त्यामुळे मे महिन्यातल्या त्या सोमवारी, संध्याकाळी पाच वाजता, मारुती मंदिरच्या सर्कलवर ही गाडी मधोमध बंद पडली तेव्हा मला वाईट वाटलं नाही. मला राग आला.

मागे एस.टी., बाजूला तीन रिक्षा, समोर वाहतूक पोलीस. किल्ली फिरवली की इंजिन नुसतं कण्हायचं. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागला होता. पोलिसाने काचेवर टकटक करून विचारलं, "काका, गाडी इथेच ठेवणार काय?" अशा प्रश्नाला सभ्य माणसाने काय उत्तर द्यावं ते मला अजून सुचलेलं नाही. दहा मिनिटांनी गाडी आपली आपण सुरू झाली, जसं काही घडलंच नाही.

आता यात नेमकं अडलं काय होतं, तर रविवार. रविवारी देवरुखला महिला उद्योगांचं प्रदर्शन होतं आणि त्यात आमच्या हिचा, म्हणजे संध्याचा, आयुष्यातला पहिला स्टॉल होता. संध्याची आमसुलं आणि आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, गेली वीस वर्षं नातेवाईक फुकट नेत आहेत. नेतात आणि वर सांगतात, अगो, तू विकायला का नाही ठेवत. यंदा तिने ठेवायचं ठरवलं. बारा किलो आमसुलं आणि आगळाच्या साठ काचेच्या बाटल्या. एवढ्या बाटल्या एस.टी.च्या मागच्या सीटवर घालून देवरुखला पोचवायच्या म्हणजे अर्धा माल वाटेतच खड्ड्यांना वाहावा लागला असता. म्हणून गाडी. मी तिला शब्द दिला होता, "रविवारी सकाळी सहाला निघायचं, तू फक्त बाटल्या मोजून ठेव."

आमच्या सोसायटीत बारा बिऱ्हाडं. पिवळा दिवा लागल्याची बातमी जिना चढायच्या आत वरच्या मजल्यावर गेली होती. तळमजल्यावरच्या गुणवंतीकाकू म्हणाल्या, "पांढरी गाडी, त्यात सेकंडहँड. दृष्ट काढलीत काय?" मी म्हटलं, काकू, दिवा दृष्टीचा नाही, इंजिनाचा आहे. काकू म्हणाल्या, "इंजिनालाच लागते मेली." मग सेक्रेटरी मितेश खाली आला. हा मितेश चौतीस वर्षांचा, पुण्याच्या कंपनीचं काम घरात बसून करतो आणि त्याच्याकडे विजेवर चालणारी गाडी आहे. त्याने माझ्या बॉनेटकडे असं पाहिलं की जणू आत कोणी शेवटच्या घटका मोजतंय. "काका, पेट्रोलच्या गाडीत हजारांनी भाग फिरत असतात. माझ्या गाडीत जेमतेम वीस," तो म्हणाला. मी त्याला विचारलं नव्हतं.

मितेशवर माझा राग आहे तो काही उगाच नाही. सोसायटीची गच्ची ही वाळवणाची जागा. वर्षानुवर्षं बायका तिथे पापड, फेण्या, आमसुलं घालत आल्या. यंदा मितेशने सर्वसाधारण सभेत ठराव करून सबंध गच्चीवर सौर पॅनेल लावले आणि जिन्यात नोटीस चिकटवली, "गच्चीवर वाळवण घालण्यास सक्त मनाई. पॅनेलवर सावली पडते." आमसुलाची सावली. मी लेखी हरकत घेतली, दोन प्रतींत. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही.

तेव्हा खालच्या अंगणात दोन कॉट टाकून संध्याने वाळवण घातलं. त्यांच्यावर सगळी सोलं मावेनात, म्हणून त्या सोमवारच्या दोन-तीन दिवस आधी मी एक शोध लावला. पांढऱ्या गाडीचं बॉनेट. दिवसभर ऊन, खाली लोखंड, तापलं की हात ठेववत नाही. त्यावर प्लास्टिक अंथरायचं, वर धुतलेलं धोतर, वर रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सोलं. संध्या आधी का कू करत होती, पण ऊन पाहून गप्प झाली. आमसुलाला सात पुटं द्यावी लागतात. म्हणजे सोलं वाळली की उचलायची, मीठ घातलेल्या आगळात बुडवायची, मुरवायची आणि पुन्हा उन्हात घालायची, असं सात वेळा. कॉटवरची संध्या करायची, बॉनेटवरची मी रोज सकाळी आठला. ही बॉनेटची गोष्ट सांगायचं कारण एवढंच की मितेशने गच्ची दिली नाही तरी आमचं काही अडलं नाही, हे नोंदवून ठेवावं.

मंगळवारी संध्याकाळी रितेश आला. रितेश हा नाचणे रोडवरचा मेकॅनिक, घरी येऊन काम करतो, हाताला ग्रीस लागू देत नाही. त्याने स्टेअरिंगखाली एक डबी खुपसली आणि मोबाइलवर पाहून सांगितलं, "कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर." मी विचारलं, म्हणजे काय? त्याने सांगितलं आणि मला ते एकदम पटलं. इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा एक दांडा फिरत असतो, तो झडपा उघडतो आणि मिटतो. हा दांडा आत्ता कुठल्या जागी आहे ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा हा सेन्सर. म्हणजे हा इंजिनाचा आवक-जावक कारकून. तो झोपला की वरच्या साहेबाला काही कळत नाही आणि कामकाज ठप्प होतं. एकतीस वर्षं मी हेच कार्यालयात सांगत होतो, कोणी ऐकत नव्हतं.

रितेशने जुना सेन्सर काढला, नवा बसवला, वायरची टोपी त्यावर खटकन दाबली. दिवा गेला. मी गाडी साळवी स्टॉपपर्यंत नेऊन आणली, मितेशच्या खिडकीखालून दोनदा नेली आणि निश्चिंत झोपलो.

बुधवारी संध्याकाळी गाडी भाजी मंडईच्या तोंडाशी बंद पडली. दिवा परत. रितेश म्हणाला, "पीस डिफेक्टिव्ह निघाला वाटतं." दुसरा सेन्सर बसवला, दिवा गेला, फेरी मारली, सगळं झकास. गुरुवारी संध्याकाळी परत तेच. "काका, बाजारात डुप्लिकेट फार आलेत. ओरिजिनल टाकायला हवा, तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच मिळेल." रितेश हे अशा सुरात बोलला की जणू दोन डुप्लिकेट मीच कुठूनतरी आणून त्याला दिले होते.

त्या संध्याकाळी मितेश पार्किंगमध्ये संध्याला म्हणाला, "काकू, टेन्शन घेऊ नका. रविवारी मी सोडतो तुम्हाला देवरुखला. माझी बूट स्पेस मोठी आहे." आणि संध्या म्हणाली, "बघू या, शनिवार संध्याकाळपर्यंत ह्यांची नाही सुरू झाली तर." हे मी ऐकलं. ज्या गच्चीवरून आमची आमसुलं हाकलली, त्याच गच्चीवरच्या विजेवर चार्ज झालेल्या गाडीतून माझी बायको आपल्या पहिल्या स्टॉलला जाणार, आणि मी दारात उभा राहून हात हलवणार. त्या रात्री मी जेवलो, पण नुसतं जेवायचं म्हणून.

शुक्रवारी सकाळी वाळवण कॉटवर सरकवून मी गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. वाटेत दोनदा बंद पडली. तिथे गार काचेच्या खोलीत मनस्वी नावाची एक हसरी मुलगी होती. तिने गाडीचा नंबर टाकला आणि म्हणाली, "सर, ओटीपी सांगा." मी म्हटलं, कसला? "जॉब कार्ड उघडायला. सिस्टीममध्ये रजिस्टर्ड मोबाइलवर गेलाय. केरू पावसकर यांच्या." मी आर.सी. बुक दाखवलं, त्यावर माझं नाव आहे. आर.टी.ओ.चा शिक्का दाखवला. आधार दाखवलं. ती म्हणाली, "ते सरकारचं झालं सर. आमच्या सिस्टीममध्ये अजून तेच मालक आहेत. बदलायचं तर फॉर्मवर त्यांची सही लागेल." मी म्हटलं, बाई, गाडी बाहेर तुझ्या डोळ्यांसमोर उभी आहे. ती म्हणाली, "हो सर, छान ठेवलीय." मी नियमाबाहेर जाऊन काही करता येईल का असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वरून आलंय सर." हे वाक्य मी स्वतः हजारो लोकांना ऐकवलंय. काउंटरच्या या बाजूने ऐकायची पहिलीच वेळ होती.

केरूनानांना फोन लावला. रेंजच्या बाहेर. ओटीपी दहा मिनिटांचा आणि नाना समुद्रात. घरी फोन केला तर त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "बोट बुधवारी गेलीय, उद्या दुपारपर्यंत येईल." मी गाडी ढकलत-सुरू करत घरी आणली आणि अंगणातल्या कॉटवर बसून विचार करायला लागलो. आणि माणूस रागात विचार करायला लागला की तो फार पटापट निष्कर्षाला येतो. तीन महिन्यांपूर्वी घेतलेली गाडी. दोन नवे सेन्सर टाकून बंद पडते. म्हणजे दोष मुळातला. म्हणजे नानांना ठाऊक होता. म्हणजे मला फसवण्यात आलं.

मी नानांना आवाजातला मेसेज पाठवला. मग दुसरा. शनिवार सकाळपर्यंत एकूण नऊ झाले. पहिला सौम्य होता. चौथ्यात "विश्वासघात" हा शब्द आला. सातव्यात मी म्हटलं की पूर्णगडच्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती, आणि नवव्यात ग्राहक मंचाचा पत्ता सांगितला. मुद्दा रेकॉर्डवर असावा म्हणून सातवा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवरही टाकला. गुणवंतीकाकूंनी खाली हात जोडलेलं चित्र पाठवलं. संध्या तेवढी म्हणाली, "अहो, तो माणूस समुद्रात आहे. येऊ तर दे त्याला." मी म्हटलं, तू मधे पडू नकोस, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

शनिवारी तीन वाजता फाटकाशी रिक्षा थांबली आणि केरूनाना उतरले. अंगात बोटीवरचाच शर्ट, मिठाने पांढरा पडलेला. हातात एक पिशवी. सत्तरीचा माणूस, डोळे लाल. मी कॉटवरून उठलो. संध्या पाणी घेऊन आली तर म्हणाले, "पानी नको. आदी गाडी दाव."

मी सुरुवात केली, "नाना, त्याचं असं आहे की..."

"तुजे नऊ मेसेज लागले. धक्क्याला बोट लागत व्हती, मोबाइलला रेंज आली नि एकेक सुरू झाला. हात ओले, बंद कराय जमला नाय. अकरा खलाशी बोटीवर. सगल्यांनी ऐकला." नाना हे शांतपणे बोलले. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. "पन्नास वर्सं माजं नाव हाय त्या धक्क्याला. गाडी वाईट असंल तर पैसे परत देतो नि जातो. नसंल तर बघू."

त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं. मी वाळवण उचललं, प्लास्टिक उचललं. नानांनी बॉनेटच्या वरच्या कडेवर, वायपरच्या बाजूला, बोट फिरवलं. पांढऱ्या रंगावर गुलाबी ओघळ सुकले होते. ते ओघळ आधीही माझ्या नजरेला पडले होते, पण मी त्यांना रंगाचा दोष समजून नानांविरुद्धच्या यादीत सहावा मुद्दा म्हणून लिहून ठेवलं होतं.

"सेन्सर दोनदा बदलला," मी म्हटलं. "दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी परत बंद."

"बोटीवर आमी इंजिन बंद पडला की पार्ट नाय मागवत. भर समुद्रात पार्ट कोन देतो? आमी पयल्यांदा वायरची टोपी काढून बगतो. खारा पानी टोपीत शिरतो, पार्ट बिचारा बरा असतो." नानांनी पिशवीतून जुना दात घासायचा ब्रश काढला, इंजिनाच्या मागच्या अंगाला हात घातला आणि सेन्सरवरची टोपी उपसून बाहेर धरली. आतल्या तीन पितळी पट्ट्यांवर हिरवा गंज चढला होता. टोपीच्या कडेला काहीतरी लालसर, चिकट.

"काढला नि घातला की पट्टी जरा खरवडते, म्हनून एक दिस चालते. मग परत पानी." त्यांनी तो चिकटा नखाने काढला, जिभेला लावला आणि थांबले. "मीठ हाय," ते म्हणाले. "पन हा समुद्राचा नाय. ह्यो आंबट हाय." आणि टोपी त्यांनी माझ्याकडे न करता संध्यापुढे धरली.

संध्याने वास घेतला. मग तिनेही बोटाचं टोक लावून चव घेतली. वीस वर्षं आगळ करणारी बाई, तिला दुसऱ्यांदा लावावं लागलं नाही. ती म्हणाली, "हे माझं आगळ आहे."

गुणवंतीकाकू खिडकीतून पुढे सरकल्या. वरच्या मजल्यावर मितेशची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"बॉनेटवरच्या सोलांना पुट कसं देत होतात तुम्ही?" संध्याने विचारलं.

इथे मला माझी बाजू मांडायची आहे. शंभर-दोनशे सोलं एकेक उचला, पातेल्यात बुडवा, मुरत ठेवा, परत एकेक मांडा, यात सकाळचे दोन तास जातात. सरकारी खात्यात याला कामाचं सुलभीकरण म्हणतात. मी सोलं जागेवरून हलवलीच नाहीत. पळीने आगळ वरून ओतत होतो. दोन पातेली. धोतरात मुरेल तेवढं मुरायचं, उरलेलं प्लास्टिकवरून घरंगळत कुठेतरी जायचं. कुठे जातं हा विचार मी केला नाही, कारण खाली माझीच गाडी होती.

"पळीने," मी म्हटलं.

संध्या वर गेली आणि कोकम सरबताचे दोन ग्लास घेऊन आली. एक नानांना दिला, दुसरा स्वतः प्यायली. मला वाटलं तिसरा विसरली असेल. विसरली नव्हती.

नानांनी ब्रशने पट्ट्या घासल्या, पिशवीतून पेट्रोलचा बोळा काढून पुसल्या, टोपी सुकवली, वर रबरी नळीचा तुकडा कापून चढवला आणि चाबूक मारल्यासारखी गाडी किल्लीच्या एका फेऱ्यात सुरू झाली. दिवा गेला. अर्धा तास चालू ठेवली, तापवली, एकदाही अडखळली नाही. मी म्हटलं, नाना, तुमचे उपकार कसे फेडू? नाना म्हणाले, "घराकडं सोड मला."

आम्ही तिघं पूर्णगडला निघालो. नाना पुढे, संध्या मागे. वाटेत फक्त इंजिन बोलत होतं, आणि तेही अगदी सभ्यपणे. गाव आलं तसं नाना म्हणाले, "घराकडं नंतर. आदी धक्क्याला घे." धक्क्यावर त्यांचे खलाशी जाळी उलगडत बसले होते. मी अकरा मोजले. "हॉर्न दे," नाना म्हणाले. मी दिला. सगळ्यांनी माना वर केल्या. नाना खाली उतरले नाहीत, काच खाली करून माझ्याकडे बघत राहिले.

एकतीस वर्षांत मी कधी कोणाची तोंडी माफी मागितली नव्हती. लेखी मागायचो, तीही "अनवधानाने" हा शब्द घालून. मी उतरलो आणि म्हटलं, "गाडीत काही दोष नव्हता. नानांनी चांगली गाडी दिली. चूक माझी होती. मी बोललो ते मागे घेतो."

खलाशांमध्ये नानांची बहीण तुळसाक्का बसली होती, मासळी विकणारी, आवाज धक्क्याच्या टोकापर्यंत जाणारा. तिने विचारलं, "चूक कसली ती तर सांग."

मी संध्याकडे पाहिलं. ती मदतीला आली नाही. तेव्हा मी बॉनेट, आगळ, प्लास्टिक सगळं सांगितलं. तुळसाक्का ऐकत होती. विश्वासघात, ग्राहक मंच, नानांचं नाव, हे सगळं तिने ऐकून सोडून दिल्यासारखं वाटलं. पण शेवटी जाळी उलगडणारा तिचा हात थांबला आणि ती म्हणाली, "आमसुलाला पुट पळीनं?" मग तिने बाकीच्यांकडे पाहिलं आणि परत म्हणाली, "पळीनं घालत व्हता ह्यो." आता मात्र अकराच्या अकरा हसले. नानाही हसले. त्या क्षणी मी केरूनानांच्या धक्क्यावर माफ झालो, आणि तुळसाक्काच्या लेखी माणसातून उठलो. घरी आल्यावर नानांबद्दलचा खुलासा सोसायटीच्या ग्रुपवरही टाकला. मितेशने अंगठा दाखवला.

रविवारी सहाला निघालो. साडेसातला देवरुखला पोचलो, बाटली एकही फुटली नाही. संध्याने मला स्टॉलच्या मागे खुर्ची दिली आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं नाही म्हणून बजावलं. एका बाईने आमसूल हातात घेऊन उन्हाकडे धरलं आणि विचारलं, "पुटं नीट दिलीत ना हो?" संध्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "सातही, हाताने." दुपारी एकपर्यंत कॉटवरची सगळी आमसुलं संपली. ती परतताना गाडीत गाणं गुणगुणत होती, आणि ते ऐकून मला इतका आनंद झाला की मितेशला मी मनातल्या मनात क्षमा केली. गच्चीची हरकत मात्र मागे घेतलेली नाही.

बॉनेटवरची आमसुलं तिने विकायला नेलीच नव्हती. ती आमच्या घरी बरणीत आहेत, यंदाच्या वर्षाची म्हणून. रोज आमटीत पडतात. सांगायला जड जातं, पण आमटीला आंबटपणा येत नाही. जी पुटं त्यांना मिळायला हवी होती ती सेन्सरने खाल्ली. मी ताटावर बसतो, एक घास घेतो. संध्या आगळाची बाटली उचलते, झाकण काढते आणि पळीसकट माझ्यापुढे ठेवते.